काढलेला जीव

माझ्या चित्रकलेच्या तासाला खोडरबर चालत नाही. जूनमध्ये नवी पोरं वर्गात आली की पहिल्याच दिवशी मी सगळ्यांचे खोडरबर एका डब्यात गोळा करते आणि तास संपला की परत देते. दरवर्षी दोन-चार पालक तक्रार करतात. एका आईनं तर मुख्याध्यापकांकडे लेखी दिलं, की या बाई मुलांना चुका सुधारू देत नाहीत. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं तेव्हा मी म्हटलं, सर, सुधारायला मी कुठं नाही म्हणते, पुसायला नाही म्हणते. त्यांना फरक कळला नाही. तो समजावून सांगायचा तर मला दोंडाईच्यातल्या आमच्या घरापासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्यांना पुढच्या तासाला जायचं होतं.

आमचं घर मिरचीवाल्यांचं. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन कुटुंब. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी आणि शाळेत पुस्तकातली मराठी अशा तीन भाषा मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच दिवसात बोलायचो. पुढे दुकान, मध्ये घर आणि मागे मोठं आवार. हिवाळ्यात त्या आवारात लाल मिरची वाळत पडायची, तिला पथारी म्हणत. पाहुणे आले की त्यांची पहिली पाच मिनिटं शिंकण्यात जायची, मग रामराम. आम्हाला काहीच व्हायचं नाही. वडिलांना आम्ही बाबूजी म्हणायचो आणि ते मला बाई म्हणायचे, आमच्यात मुलीला तसंच म्हणतात. त्यांचं बोलणं मी इथं मराठीत लिहिते आहे, पण मूळचं याहून गोड होतं.

आमच्यात साखरेचा किंवा पिठाचा प्राणी करून खात नाहीत. दिवाळीत बाजारात साखरेचे हत्ती-घोडे यायचे, ते आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. प्राण्यांच्या आकाराची बिस्किटंही नाहीत. जो आकार तुम्ही जीव म्हणून केला, तो मोडताना मनात मारण्याचा भाव येतो, आणि पाप त्या भावाचं लागतं, असं त्यामागचं कारण. बहुतेक घरांत हा नियम खाण्यापुरता असतो. बाबूजींनी तो ताणून पार पाटीपर्यंत नेला होता.

पहिलीत असताना मी पाटीवर चिमणी काढली. काढून झाली, आता बेरजा लिहायच्या म्हणून ओला बोळा उचलला, तर बाबूजींनी माझं मनगट धरलं.

"काय काढलंस, बाई?"

"चिमणी."

"मग तिला कशी पुसतेस?"

मी बोळा खाली ठेवला. ती पाटी स्वयंपाकघरातल्या फळीवर गेली आणि दुसऱ्या दिवशी मला नवी पाटी मिळाली. महिनाभरात फळीवर चार पाट्या झाल्या. चिमणी, पोपट, कोंबडी, आणि चौथीवर जे मी बदक म्हणून काढलं होतं आणि घरातले सगळे हत्ती समजत होते ते. शेवटी आई वैतागली. "पोरीला कागद तरी द्या, नाहीतर मिरची सोडून पाट्यांचंच दुकान टाका," म्हणाली. तेव्हापासून मला कागद मिळू लागले. जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं, जाड आणि गुळगुळीत. पेन्सिल बाबूजी आणून द्यायचे, खोडरबर घरात येत नसे. गणितात चुकलं तर रेघ मारून पुढे लिहायचं.

मराठीत चित्रही काढतात आणि जीवही काढतात. ही दोन वेगळी कामं आहेत हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आमच्या घरात काढलेला जीव हा जीवच होता. त्याला फाडायचं नाही, चुरगळायचं नाही, त्याच्यावर पाय पडू द्यायचा नाही. जमलेलं असो की फसलेलं, प्रत्येक पाखरू आईच्या लग्नातल्या निळ्या लोखंडी पेटीत जायचं. फसलेली अर्थातच जास्त होती.

खोडता येत नाही म्हटलं की माणूस पेन्सिल टेकवायला घाबरतो. मी आधी नुसती बघत बसायचे. आवाराच्या पायरीवर बसून बोटानं हवेत रेघ ओढून पाहायची, जमते का, मगच कागदावर हात न्यायचा. कधी दोन दोन दिवस कागद कोराच राहायचा. त्या बघण्यात मला कळलं की चिमणी टुणटुण उड्या मारते, पण साळुंकी पावलं टाकत चालते, थेट आमच्या दुकानातल्या मुनीमजींसारखी. पोपट पथारीवर उतरून लालभडक मिरच्या खातात आणि त्यांना ठसका लागत नाही. भारद्वाजाचा डोळा लाल असतो आणि तो उडण्यापेक्षा कुंपणातून पळणं पसंत करतो. शाळेत निसर्गावर धडा होता, तो मी पाठ केला, गुणही मिळवले आणि विसरले. साळुंकीची चाल विसरले नाही.

दुपारी जेवायला घरात आले की बाबूजी हात धुवायचे, कोरडे करायचे, आणि मग माझा कागद हातभर लांब धरून विचारायचे, "हे कोण?"

हे काय, असं कधीच नाही. हे कोण. मी सांगायचे, साळुंकी. ते म्हणायचे, "बरं. साळुंकी." जणू ओळख करून दिली होती. मग कागद पेटीत. चित्र छान झालं की वाईट, यावर त्यांनी आयुष्यात एक अक्षर काढलं नाही. मलाच लाज वाटायची. मान वाकडी झालेली, चोच डोळ्यात शिरलेली, एक पंख तिसऱ्याच ठिकाणी. मग मी आधीच सांगून टाकायचे, "हलली, बाबूजी."

"जिवंत आहे, हलणारच," ते म्हणायचे.

हे आमचं रोजचं होतं. मी हलली म्हणायचे, ते हलणारच म्हणायचे, आणि आई म्हणायची की आता दोघं ताटावर बसा, पोळ्या थंड होताहेत.

आमच्याकडे तापीच्या बाजूच्या एका खेड्यातून मिरची घेऊन एक शेतकरी यायचे. त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांची गाडी रिकामी होईपर्यंत ते माझ्या पायरीवर येऊन बसायचे आणि माझं चित्र बघून मान हलवायचे, होकारार्थी कमी आणि नकारार्थी जास्त. माझ्या होल्याचे पाय त्यांना पटले नाहीत, बगळ्याची मान पटली नाही. मला राग यायचा, पण नाना बोलले की दुसऱ्या दिवशी बघितल्यावर त्यांचंच खरं निघायचं. हातच्या कंकणाला आरसा कशाला, बगळा समोर उभाच असायचा.

सातवीत असताना एकदा त्यांनी आवाराच्या भिंतीपलीकडच्या पडीक जागेकडे बोट केलं. तिथं एक बाभूळ होती. शेंड्यावर राखाडी पाठीचं, डोळ्यांवरून काळी पट्टी बांधल्यासारखं दिसणारं एक पाखरू बसलं होतं.

"माय, तथा देख. हाऊ खाटीक शे," नाना म्हणाले. "सरडा, नाकतोडा, जे सापडी ते काटाले टांगी ठेवस. तुमनं मिरचीनं दुकान, त्यानं मटननं."

मला वाटलं, थट्टा करताहेत. ते गेल्यावर मी भिंतीवरून उतरून गेले. खरोखर दुकान होतं. एका फांदीच्या काट्यांवर दोन नाकतोडे, एक काळा भुंगा आणि बोटाएवढं सरड्याचं पिल्लू, पोटातून काटा आरपार. आमच्या घरात मुंग्यांची ओळ निघाली तर केर काढायचा थांबायचा. मला किळस यायला हवी होती. आली नाही. मी तिथं तासभर उभी राहिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि तिसऱ्या दिवशी.

आठवडाभरात मला एक गोष्ट दिसली. खाटकाची चोच आकडेबाज, शिकाऱ्याची, पण पाय अगदी चिमणीसारखे किडकिडीत. शिकार पायात धरून फाडायची ताकदच त्याच्यात नाही. म्हणून तो ती काट्यात अडकवतो आणि मग खातो. काटा हाच त्याचा हात होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, नानांनीसुद्धा नाही. बारा वर्षांच्या पोरीला असं काही स्वतःचं स्वतः सापडलं की ती दोन दिवस जमिनीवर नसते. मी नव्हतेच.

त्याच सुमारास शाळेत सांगितलं की वन्यजीव सप्ताहासाठी एक चित्र धुळ्याला पाठवायचं आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच माझ्यासाठी खरा ड्रॉइंग पेपर विकत आणला गेला. मी तीन आठवडे खाटीक काढत होते. पाखरू रंगवून झालं, बाभळीची फांदी रंगवून झाली. राहिला काट्यावरचा सरडा, तो अजून पेन्सिलीतच होता.

सरड्यासाठी मी आवारातलाच एक सरडा बघून ठेवला होता. तो भिंतीच्या एका ठरलेल्या विटेवर ऊन खात बसायचा. मागच्या दाराच्या फटीत सापडून त्याची अर्धी शेपूट गेली होती. घरातले त्याला ओळखत, दार लावताना आधी बघून लावत. मी मात्र चित्रात त्याला पूर्ण शेपूट दिली. धुळ्याला जायचं चित्र, त्यात तुटकी शेपूट बरी दिसणार नाही असं मला वाटलं.

बाबूजी दुपारी आले, हात धुतले, कागद हातभर लांब धरला.

"हे कोण?"

"खाटीक."

तो शब्द आमच्या घरात बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. आईनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

"आणि हे?"

"सरडा."

"मेलेला आहे?"

"हो. काट्यावर लावलाय. तो तसाच खातो, बाबूजी. त्याच्या पायांत जोर नसतो म्हणून."

ते बराच वेळ बघत राहिले. मग कागद पलंगावर ठेवला, पेटीत नाही, आणि जेवायला बसले. बरं, खाटीक, असं म्हणाले नाहीत. मी समोर बसून पोळीचे तुकडे करत होते. काटा आणि पाय यांबद्दल मला खूप सांगायचं होतं, पण त्यांनी मान वर केली नाही.

मला वाटलं, झालं, आता हे चित्र धुळ्याला जात नाही. रात्रभर मी हिशेब मांडला, की चूक कशात आहे. खाटकात नाही, तो तर नुसता बसलाय. चूक सरड्यात आहे. सरडा नसेल तर नुसतं पाखरू राहील, आणि पाखराला कोण नाही म्हणेल? दुसऱ्या दिवशी शाळेत बाकावरच्या मैत्रिणीचा खोडरबर मागून घेतला. गुलाबी होता, वास येणारा. दुपारी बाबूजी यायच्या आधी मी सरडा खोडला. आयुष्यात पहिल्यांदा खोडत होते, हात हलका ठेवायचा असतो हेही माहीत नव्हतं. कागदाचं साल निघालं. उरलेला भुसा मी फुंकरीनं उडवला.

बाबूजींनी कागद हातात घेतला.

"सरडा कुठं गेला?"

"खोडला."

त्यांनी खिडकीकडे तोंड करून कागद उजेडात धरला. खोडलेल्या जागी सरड्याचा दबका आकार दिसत होता.

"काट्यावर होता तेव्हा तो खाटकानं मारलेला होता, बाई," ते म्हणाले. "आता तू मारलास."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी तो कागद पेटीत सगळ्यात खाली सरकवला. चित्र धुळ्याला गेलं नाही. शाळेत मी सांगितलं की त्यावर पाणी सांडलं.

त्या दिवसानंतर "हे कोण?" बंद झालं. त्यांनी विचारणं सोडलं की मी दाखवणं सोडलं, हे आज मला खात्रीनं सांगता येत नाही. मी चित्रं काढत होते, पण झालं की स्वतःच पेटी उघडून वरच्या वर ठेवून द्यायचे. खाली हात घालायची माझी हिंमत नव्हती. बाबूजी जेवताना बाजाराचं बोलायचे, शाळेचं विचारायचे, माझ्यावर रागावलेत असं वागण्यात कुठं दिसायचं नाही. म्हणूनच ते मनात जास्त घर करून राहिलं.

संवत्सरीला आमच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात. हात जोडून खमत खामणा म्हणायचं, म्हणजे वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर माफ करा. त्या वर्षी मी बाबूजींसमोर हात जोडून उभी राहिले. सरड्याचं म्हणायचं होतं. पण तोंडातून तेवढेच दोन शब्द आले, जे मी मावशीलाही म्हणाले होते आणि शेजारच्या किराणावाल्यालाही. त्यांनीही हात जोडून तेच म्हटलं. पुढे पस्तीस-चाळीस संवत्सऱ्या अशाच गेल्या.

मी चित्रकलेची शिक्षिका झाले. आधी एरंडोलला, मग जळगावला. सुट्टी मिळाली की सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा तापीच्या काठाला जाऊन बसते आणि समोर जो येईल त्याला काढते. शिकरा काढला, घार काढली, घुबड काढलं. एकदा शाळेच्या हॉलमध्ये माझी चित्रं लावली होती, तेव्हा एक गृहस्थ सगळी बघून झाल्यावर म्हणाले, "बाई, तुमचे शिकारी सगळे उपाशी दिसतात." मी हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर एकेक चित्र काढून पाहिलं. खरंच होतं. इतक्या वर्षांत माझ्या एकाही शिकाऱ्याच्या पंजात काही नव्हतं. मी कुणाला मारायचं धाडस पुन्हा केलंच नव्हतं, आणि त्यामुळे माझी घार ही घारच नव्हती, नुसती उडणारी एक तपकिरी वस्तू होती.

गेल्या वर्षी बाबूजींच्या डोळ्यांच्या पडद्यानं दगा दिला. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, दुकानही कधीचं बंद झालेलं. भावानं त्यांना जळगावला आपल्या घरी आणलं, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. बाबूजी कुरकुरले नाहीत. रोज सकाळी फक्त एकच विचारायचे, "पेटी आली का?" भाऊ म्हणायचा, येतेय. त्याला वाटलं पेटीत काही कागदपत्रं असतील. मला माहीत होतं पेटीत काय आहे. ते नेमकं कशासाठी विचारताहेत हे मात्र माहीत नव्हतं, आणि विचारायची भीती वाटत होती.

हिवाळ्यात दोंडाईच्याचं घर रिकामं करायचं ठरलं. भाऊ दोन दिवस आधीच गेला होता, मी रविवारी सकाळच्या गाडीनं निघाले. नरडाण्याला गाडी बराच वेळ थांबली. खिडकीबाहेर तारेवर एक खाटीक बसला होता. बाजूची बाई भाजी निवडत होती, तिला दाखवावा असं वाटलं, पण म्हटलं जाऊ दे, पुढचं सगळं सांगावं लागेल.

घरी पोचले तर अंगणात रद्दीवाला हातगाडी घेऊन उभा, आणि निळी पेटी ओट्यावर उघडी पडलेली.

"जीजी, यात तर तुझे लहानपणचे कागद निघाले," भाऊ म्हणाला. "मी वरची दहा-बारा चांगली तुझ्यासाठी काढून ठेवलीत. बाकीची नुसती गिचमिड आहे. देऊन टाकू?"

"याचं पुढे काय करतोस रे?" मी रद्दीवाल्याला विचारलं.

"जाड शे ताई, पुड्यास्ले चालस," तो म्हणाला. "भजीवाला लई जास."

भावाचं चुकत नव्हतं. मी स्वतः काही फार सोवळी नाही, रात्रीचं जेवते, बटाटे खाते. ही फसलेली पाखरं जपून ठेवण्यात काय अर्थ आहे, असं मला कुणी वादात विचारलं असतं तर मी हरले असते. पण चोच डोळ्यात शिरलेल्या साळुंकीवर भजी ठेवलेली मला डोळ्यांसमोर दिसली, आणि मी पेटीवर जाऊन सरळ बसलेच. रद्दीवाल्यानं भावाकडे पाहिलं. भावानं मान हलवली. तो बिचारा जुनी मासिकं घेऊन गेला.

मग मी एकेक कागद काढू लागले. पेटी इतकी वर्षं मिरचीच्या घरात राहिलेली, दोन थर काढले आणि जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. जळगावनं मला पाहुणी करून टाकलं होतं. भाऊ पाणी घेऊन आला, "मिरचीमुळे," म्हणाला. मी तसंच म्हणू दिलं.

सगळ्यात तळाशी ड्रॉइंग पेपर होता. तो बाहेर काढायला मला वेळ लागला. खाटकाचा रंग अजून चांगला होता. बाभळीचा काटा तसाच रिकामा, आणि त्याच्याभोवती साल निघालेली ती जागा. तिच्याकडे मी बघणार नव्हते, तरी बघितलंच. आणि मग नजर खाली गेली.

काट्याच्या खाली, फांदी जिथं जाड होते तिथं, एक सरडा होता.

तो मी काढलेला नव्हता. जांभळ्या पेन्सिलीनं काढला होता, दुकानात गोण्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायला असायची त्या. ती पेन्सिल जिभेला लावून लिहिलं की शाईसारखी उमटते आणि कशानंच खोडली जात नाही. रेघ थरथरती, इतक्या जोरानं दाबलेली की कागदाला मागून उठाव आला होता. डोकं भलतंच मोठं. पाय पाच. काढणाऱ्यानं आयुष्यात दुसरं काही काढलेलं नव्हतं हे कुणालाही कळलं असतं. पण सरडा काट्यावर नव्हता. खाटकाकडे पाठ करून फांदीवरून खाली उतरत होता, पुढचा एक पाय उचललेला. आणि त्याची शेपूट अर्धी होती.

अर्धी शेपूट मनानं काढता येत नाही. मी तर समोर बसूनही ती पूर्ण काढली होती. त्यासाठी मागच्या भिंतीपाशी जाऊन बसावं लागतं, त्या विटेसमोर, भर दुपारी, दुकान मुनीमजींवर सोडून. किती वेळ बसले असतील आणि कधी? त्याच आठवड्यात की वर्षानं? आईला माहीत होतं का? मी तेव्हा शाळेत असणार. आणि मी चाळीस वर्षं समजत होते की या माणसानं मला माफ केलं नाही. एकदा पेटीच्या तळाला हात घातला असता तर कळलं असतं. मला माझाच राग आला.

पेटी आम्ही गाडीतूनच जळगावला आणली. डब्यात दोन जण शिंकत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले.

बाबूजी गॅलरीत उन्हाला बसले होते. भावानं पेटी त्यांच्या पायाशी ठेवली, त्यांनी झाकणावर हात फिरवून पाहिला. मी शेजारी वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसले आणि तो ड्रॉइंग पेपर त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीनं तो हातभर लांब धरला, मग दिसत नाही हे आठवून मांडीवर ठेवला. बोटं कागदावरून फिरू लागली. जांभळ्या पेन्सिलीच्या चरीपाशी येऊन थांबली.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

किती वर्षांनी.

"खाटीक," मी म्हटलं.

"बरं. खाटीक." आणि थोड्या वेळानं, "आणि हे?"

"सरडा. आपल्या भिंतीवरचा, अर्ध्या शेपटीचा. तुम्ही काढलेला."

त्यांचं बोट त्या चरीतून पुढे चाललं होतं, डोकं, पाठ, अर्धी शेपूट.

"याला पाय पाच झालेत, बाबूजी."

त्यांनी मान खाली घातली. पाटीवरच्या बदकाला कुणी हत्ती म्हटलं की मी जशी घालायचे, अगदी तशी.

"काय करणार," ते म्हणाले. "हलला तो."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "जिवंत होता, बाबूजी. हलणारच."